अपडेट, जीएसटी आणि धनत्रयोदशी: भांड्यांच्या पेढीवरच्या ॲपच्या चाचणीच्या नोंदी

आमची पेढी मुंबईत पायधुनीला, तांबाकाट्यापासून चार पावलांवर. गोडाऊन भिवंडीजवळ काल्हेरला. स्टीलची भांडी, कुकर, शेगड्या, सगळा घाऊक माल. ऑर्डर, स्टॉक, चलन आणि बिल हे सगळं एका लो-कोड (म्हणजे फारसा कोड न लिहिता ॲप बांधता येतं अशा) प्लॅटफॉर्मवर मीच बांधलेल्या ॲपमधून होतं. मी बी.कॉम. आहे, प्रोग्रामर नाही. तीन वर्षांपूर्वी एक्सेलच्या शीटला कंटाळून हे सुरू केलं आणि आता त्यात चौदा हजारांवर बिलं आहेत. उलाढाल ५ कोटींच्या आत असल्यामुळे ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) आम्हाला लागत नाही. महिनाअखेरीस ॲपमधून शीट काढायची, ती मुनीमकाका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतात आणि पुढे सीएकडे जाते.

प्लॅटफॉर्मचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फॉर्म, लुकअप, ऑटोमेशन हे शब्द रोज वापरणाऱ्याला तसंही सगळं ओळखीचं वाटेल.

१८ ऑगस्ट २०२५, सोमवार

सकाळी ईमेल. आठ नवी फीचर्स आली आहेत. त्यातली सहा ऐच्छिक, दोन सक्तीची: नवा फॉर्म आणि नवं ऑटोमेशन इंजिन, म्हणजे ठरलेल्या पायऱ्या आपोआप चालवणारा भाग. १ ऑक्टोबरला ही दोन्ही सगळ्यांना आपोआप लागू होणार. त्याआधी 'अपग्रेड' बटण दाबून स्वतः जाता येईल, मात्र एकदा अपग्रेड केलेला फॉर्म मागे नेता येणार नाही.

मोठ्या प्लॅटफॉर्मांचं ठरलेलं असतं: सेल्सफोर्सवाल्यांना वर्षात तीन रिलीज, मायक्रोसॉफ्टच्या पॉवर प्लॅटफॉर्मच्या दोन लाटा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या. आमच्याकडे असं वेळापत्रक नाही. ईमेल येईल तेव्हा कळतं.

यंदा धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला. भांड्यांच्या धंद्यात त्याआधीचे तीन आठवडे म्हणजे वर्षाची कमाई, आणि सक्तीची तारीख नेमकी त्याच्या तोंडावर. शेठना सांगितलं. ते म्हणाले, "ताई, दिवाळीनंतर करू या ना." म्हटलं, आपल्या हातात असतं तर.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने लोकल बंद. डोंबिवलीत घरीच. आठही फीचर्सची माहिती वाचली आणि वहीत प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहिला: हे आपल्याकडे रोज कोण वापरणार? तीन फीचर्सपुढे कोणाचंच नाव येईना. बहुपायरी मंजुरी, डॅशबोर्डचे नवे रंग, चॅटची खिडकी. आमच्याकडे मंजुरी म्हणजे शेठनी मान हलवणं. तिन्ही खोडली.

उरली पाच: नवा फॉर्म (त्यात 'लाइव्ह लुकअप'), नवं इंजिन, ऑफलाइन मोड, नवा शोध आणि एआय मदतनीस.

२१ ऑगस्ट, गुरुवार

चाचणीसाठी ॲपची वेगळी प्रत काढली. आमच्या प्लॅनमध्ये ती सोय नव्हती. एक पायरी वरचा प्लॅन दोन महिन्यांसाठी घ्यावा लागला. ₹ ४,२०० जादा. शेठनी "नुसतं बघायला एवढे?" विचारलं आणि दिले.

प्रतीत चाळीस नोंदी भरल्या: पाच गिऱ्हाइकं, दहा वस्तू, पंचवीस ऑर्डरी. फॉर्म अपग्रेड केला, इंजिन बदललं. सगळं चाललं, आधीपेक्षा झरझर. संध्याकाळी शेठना सांगितलं, काही अडचण दिसत नाही.

हे वाक्य मी पुढच्या महिन्याभरात चार वेळा मागे घेतलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

चाळीस नोंदींवर काय कळणार, म्हणून खऱ्या ॲपमधली सगळी गिऱ्हाइकं आणि जूनपासूनच्या ऑर्डरी चाचणी प्रतीत ओतल्या. इंजिनावर भार पडला तर काय होतं ते पाहायला त्रेसष्ट ऑर्डरी एकदम 'माल निघाला' केल्या.

पाचच मिनिटांत मशीद बंदरच्या एका दुकानदाराचा फोन: "ताई, मी चारशे टोप कधी मागवले?"

प्रत काढताना ऑटोमेशनच्या जोडण्याही जशाच्या तशा आल्या होत्या. व्हॉट्सॲपचं खातंही खरंच. त्रेसष्ट दुकानदारांना जुन्या ऑर्डरींचे 'माल निघाला' निरोप गेले. मेसेजचा खर्च शंभराच्या आत. फोन घेण्यात अख्खी दुपार गेली. तिघे जण म्हणाले, निघालाच असेल तर येऊ द्या. ती तेवढी विक्री झाली.

चाचणी प्रत काढली की पहिलं काम: बाहेर जाणाऱ्या प्रत्येक जोडणीत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल टाकायचा. नोंदी भरणं त्यानंतर. शिवाय प्रतीचा रंग बदलून भडक केशरी केला, म्हणजे चुकून खऱ्यात काम करत असले तर डोळ्यांना कळेल.

२६ ऑगस्ट ते २ सप्टेंबर

गणपती. गावी. लॅपटॉप नेला होता, उघडला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

पंतप्रधानांच्या १५ ऑगस्टच्या भाषणापासून बाजारात कुजबुज होतीच. काल रात्री जीएसटी कौन्सिलच्या बैठकीनंतर जाहीर झालं: १२ आणि २८ चे टप्पे जाणार, मुख्य दर ५ आणि १८. लागू २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेला. आमची स्वयंपाकघरातली स्टीलची भांडी, एचएसएन (जीएसटीतला मालाच्या प्रकाराचा क्रमांक) ७३२३, बारावरून पाचवर. ॲल्युमिनियमचीही तशीच. गॅसच्या शेगड्या अठरावरच.

सकाळी पेढीवर पोचल्यावर चाचणी प्रतीत वस्तूंच्या यादीत ७३२३ चा दर १२ चा ५ केला. बावीस तारखेला किती वेळ लागेल एवढंच पाहायचं होतं. दोन मिनिटांत झालं. सहज म्हणून जुलैचं एक बिल उघडलं. कर ५ टक्के. जूनचं उघडलं. ५ टक्के. पोटात गोळा आला.

घड्याळ बाजूला ठेवून शोधत बसले. प्रकार असा. आमच्या बिलाच्या ओळीत वस्तू निवडली की दर वस्तूंच्या यादीतून येतो, त्याला लुकअप म्हणतात. जुन्या फॉर्ममध्ये निवडण्याच्या क्षणी तो आकडा ओळीत उतरून तिथेच राहायचा. नव्या फॉर्ममध्ये 'लाइव्ह लुकअप' आहे: ओळीत आकडा नसतोच, फक्त धागा असतो आणि बिल उघडाल तेव्हा तो यादीतला आजचा आकडा आणतो. ईमेलमध्ये हे सुधारणा म्हणून लिहिलं होतं, 'माहिती नेहमी ताजी'. फोन नंबरसाठी ठीक आहे. बिलाला ताजेपणा नको असतो.

जुलैचं बिल १२ टक्क्यांनी गेलं, त्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) भरून झालं, दुकानदाराने तेवढं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, घेतलं. खऱ्या ॲपमध्ये अपग्रेड करून मग दर बदलला असता तर चौदा हजार बिलांचा कर एका रात्रीत बदलला असता. कुठे लाल अक्षर नाही, कुठे चूक दाखवली नाही. बेरजा सगळ्या बरोबर, फक्त खोट्या.

मग दर सोडून बाकीची खाती (फॉर्ममधले रकाने) तपासली. गिऱ्हाइकाचा पत्ता: तोही धागा. एका दुकानाचा पत्ता बदलला आणि जूनच्या बिलावर नवा पत्ता दिसला. वस्तूचं नाव, एकक, किलोचा भाव, सगळं तेच.

आणि २१ तारखेला मी हिरव्या खुणा करत होते, कारण त्या चाळीस नोंदी त्याच दिवशी भरलेल्या होत्या. यादीतलं काही बदलायला त्यांना भूतकाळच नव्हता. नवं फीचर तपासायचं ते जुन्या नोंदीवर. यादीतलं काहीतरी बदला आणि मागच्या वर्षीचं बिल उघडा. माझी चाचणी आता इथून सुरू होते.

९ सप्टेंबर, मंगळवार

दुरुस्ती, पहिला प्रयत्न: प्रत्येक लुकअपवर 'लाइव्ह' बंद करायचा पर्याय शोधला. आहे, पण फक्त नव्याने जोडलेल्या खात्यांना. अपग्रेड होऊन आलेल्यांना नाही. सपोर्टला लिहिलं. उत्तर: तुमची सूचना टीमकडे पोचवली आहे.

दुसरा प्रयत्न: वस्तू डबल करायच्या, 'टोप १२ टक्के' आणि 'टोप ५ टक्के'. आमच्याकडे साडेसहाशे वस्तू आहेत. काकांनी हे ऐकून चष्मा काढून ठेवला. सोडून दिलं.

तिसरा, जो टिकला: बिलाच्या ओळीत साधी आकड्यांची खाती वाढवली (दर, भाव, एकक) आणि बिलावर तीन मजकुराची (नाव, पत्ता, जीएसटी नंबर). बिल जतन होताना ऑटोमेशन लुकअपमधून आकडे काढून तिथे उतरवतं, मग खाती कुलूपबंद. पीडीएफ या उतरवलेल्या खात्यांवरून बनतं, लुकअपवरून नाही. जुन्या चौदा हजार बिलांची ही खाती अपग्रेडच्या आधीच, जुन्या फॉर्ममध्ये असतानाच भरून घ्यायला हवीत. नंतर भरली तर खोटेच आकडे उतरतील. हा क्रम चुकला तर परतीची वाट नाही, म्हणून वहीत लाल पेनाने लिहिला.

वस्तूच्या यादीतून दर काढूनच टाकला. दरांचं वेगळं टेबल केलं: एचएसएन, दर, लागू तारीख. बिलाची तारीख पाहून त्या दिवशी लागू असलेला दर उचलायचा. ७३२३ च्या दोन ओळी झाल्या. हे तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं, पण तेव्हा कोणाला सुचतं.

दोन दिवस लागले. बाजार तसाही थंड आहे. पाच टक्के होणार म्हणून दुकानदारांनी ऑर्डरी रोखून धरल्यात. शेठ गल्ल्यावर बसून उसासे टाकतात, मला मात्र गोडाऊनवरचे मामा आणि मुनीमकाका चाचणीला मोकळे मिळाले.

१० सप्टेंबर, बुधवार

माल परत येण्याचा प्रश्न काकांनी काढला, मला सुचला नव्हता. "ऑगस्टात बारा टक्क्यांनी गेलेला कुकर ऑक्टोबरात परत आला तर?" क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद) मूळ बिलाच्या दरानेच काढायची असते, बाराने. माझं नवं टेबल क्रेडिट नोटच्या तारखेकडे बघून पाच लावत होतं. आता क्रेडिट नोट मूळ बिलाची ओळ निवडल्याशिवाय उघडतच नाही आणि दर त्या ओळीतून उतरतो. अर्ध्या दिवसाचं काम. काकांना कटिंग.

११ सप्टेंबर, गुरुवार

ऑगस्टचं जीएसटीआर-१ गेलं. उरलेल्या वेळात नव्या इंजिनाचा हिशोब केला. जुन्या इंजिनात एक ऑर्डर म्हणजे एक 'रन', आत कितीही पायऱ्या असोत. नव्यात प्रत्येक पायरी मोजली जाते. आमच्या ऑर्डरमागे सात पायऱ्या: स्टॉक वजा, किमान साठ्याची तपासणी, चलन, पीडीएफ, व्हॉट्सॲप, मामांना सूचना, शेठच्या शीटमध्ये ओळ. साध्या महिन्यात ६२० ऑर्डरी, म्हणजे ६२० ऐवजी ४,३४०. दिवाळीच्या महिन्यात दीड हजार ऑर्डरी धरल्या तर १०,५००. आमची मर्यादा ५,०००. वर गेलं की दर ५,००० ला ₹ १,८०० चं पाकीट.

हे ईमेलमध्ये नव्हतं. दरपत्रकाच्या तळटिपेत होतं.

किमान साठा दर ऑर्डरला तपासायची गरज नाही, रात्री एकदा सगळ्या वस्तूंचा तपासला तरी चालतं. शेठची शीट ते उघडतच नाहीत, विचारलं तर म्हणाले, "कुठली शीट?" काढली. चलन आणि पीडीएफ एका पायरीत बसले. सातच्या चार झाल्या. दीड हजारांना ६,०००. ऑक्टोबरात एक पाकीट लागेल, एरवी नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

काल मामांना सांगून ठेवलं होतं की पहाटेचा टेम्पो भरताना एक खोटं चलन केशरी ॲपमध्येही करा. दिवसा शहरात मोठ्या गाड्यांचे हाल, म्हणून आमचा माल काल्हेरहून चारच्या सुमाराला निघतो. लोकलमध्ये उभी असताना मामांनी पाठवलेला फोटो पाहिला. चलन पहाटे ४.२० चं, तारीख ११ सप्टेंबर.

नवं इंजिन 'आज' म्हणताना यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री १२ ते पहाटे ५.३० मधल्या प्रत्येक नोंदीला आदल्या दिवसाची तारीख. ॲपच्या सेटिंगमध्ये भारतीय वेळ निवडलेली आहे. फॉर्म ती मानतो, इंजिन मानत नाही. पेढीवर दहा ते सातमध्ये चाचणी करणाऱ्या मला हे जन्मात दिसलं नसतं.

एरवी चलनाची तारीख एका दिवसाने चुकली तर काकांनी कपाळाला आठी घातली असती एवढंच. पण २२ च्या पहाटे? टेम्पोतल्या भांड्यांवर २१ तारीख आणि १२ टक्के.

घाईत ठिगळ लावलं: इंजिनातल्या 'आज' मध्ये ३३० मिनिटं मिळवली. तारीख बरोबर आली. खरं तर तारीख फोनवरच्या फॉर्ममधून घ्यायला हवी, पण त्यासाठी अकरा ऑटोमेशन उघडावी लागली असती. हे वाक्य लक्षात ठेवा.

१५ सप्टेंबर, सोमवार

काल्हेर. ऑफलाइन मोड. गोडाऊनवर पत्रे, आत रेंजचा ठणठणाट, वीज गेली की वायफायही जातं. म्हणजे या फीचरवर आमचा जीव होता. चाचणीसाठी जुना फोन घेतला, ₹ ५,५००, कारण मामांच्या फोनमध्ये जागा नव्हती.

रेंज नसताना फॉर्म उघडतो, जतन होतो, बाहेर आलं की वर जातो. मामा खूश. मग मुद्दाम दोन्ही फोनांवरून एकाच पाच लिटर कुकरची जावक केली, एकीकडे १८, दुसरीकडे ३०. साठा ३६. दोन्ही फोनांना ३६ दिसत होते, दोघांनी हो म्हटलं. बाहेर आल्यावर साठा ६. ज्याचा फोन नंतर जोडला गेला त्याचाच आकडा राहिला, पहिल्या फोनची जावक पुसली. उणे १२ दाखवलं असतं तर निदान भांडण कळलं असतं.

दुसरं त्याहून वाईट. ऑफलाइन बिलाचा क्रमांक फोन स्वतः देतो, शेवटच्या माहीत असलेल्या क्रमांकापुढचा. दोन फोन, दोन बिलं, एकच क्रमांक. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो.

ठरवलं: ऑफलाइन फक्त महिन्याच्या मोजदादीला. त्यात कोणी काही वजा करत नाही, नुसते नग मोजून लिहितो. चलन आणि बिल रेंजमध्येच. गोडाऊनच्या दारात एक टेबल आणि खुर्ची टाकली, तिथे रेंज येते. खर्च शून्य, टेबल पडूनच होतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

एआय मदतनीस. मराठीत लिहिलं: बिलाच्या तारखेप्रमाणे कराचा दर काढ. सूत्र आलं, नीटनेटकं, आणि आत २२ सप्टेंबर ही तारीख व ५ हा आकडा सरळ कोंबलेला. पुढचा बदल आला की पुन्हा सूत्र उघडा. माझं टेबल बरं. 'डझन' त्याला कळलं, 'जोड' म्हणजे दोन हेही कळलं, 'पाच नगी टोप संच' म्हटल्यावर पाचाने गुणलं. संच एकच विकला जातो.

एका कामाला ठेवला आहे: दुसऱ्याने लिहिलेलं, म्हणजे बहुतेक दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं, सूत्र समजावून सांगायला. ते तो छान करतो.

प्लॅटफॉर्मच्या तयार तुकड्यांच्या दुकानात ई-वे बिलाची (माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) आठवण करून देणारा एक मिळाला. ₹ ५०,००० च्या वर सूचना देतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर मर्यादा १ लाख आहे. पन्नास हजार परराज्यासाठी. गिऱ्हाइकाच्या राज्यावरून दोन मर्यादा केल्या. वीस मिनिटं.

१७ सप्टेंबर, बुधवार

नवा शोध. 'सुऱ्या' टाइप केलं, काही नाही. साठ्यात चाळीस डझन आहेत. मामांनी त्यांच्या फोनवर तेच टाइप केलं, लगेच सापडल्या. अर्धा तास दोघं एकमेकांचे फोन बघत होतो.

आपल्या मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका कीबोर्डवर तळाला टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. पडद्यावर तंतोतंत सारखं, संगणकाला दोन वेगळे शब्द. जुना शोध काहीतरी करून दोन्ही पकडायचा, नवा काटेकोर आहे. वस्तूंची यादी एकदा बाहेर काढून सगळीकडे एकच रूप केलं आणि प्रत्येक वस्तूला एक आकडी कोड दिला. मामा आता कोडच टाइप करतात. दीड तास.

याच दिवशी नव्या दरांची अधिसूचना निघाली. आमच्या एचएसएनचे दर काकांबरोबर बसून ओळीने ताडून घेतले.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

शेठ, काका, मामा (फोनवर) आणि मी. निर्णय: २२ तारखेचा दरबदल जुन्या फॉर्मवर, जुन्या इंजिनावरच करायचा. एका वेळी एकच गोष्ट हलवायची. अपग्रेड २७–२८ च्या शनिवार-रविवारी, सक्तीच्या तीन दिवस आधी. उतरवून घ्यायची खाती आणि दरांचं टेबल मात्र आजच खऱ्या ॲपमध्ये टाकलं.

२२ सप्टेंबर, सोमवार

पहाटे ४ ला गजर लावून उठले. ४.३५ ला पहिलं बिल: तारीख २२, टोप ५ टक्के, शेगडी १८. मामांचा अंगठा आला. घट बसवायचे होते, झोप काही आली नाही.

दुपारपर्यंत रोखलेल्या ऑर्डरींचा लोंढा. एकशे नऊ.

२७ आणि २८ सप्टेंबर

आधी शनिवारी चाचणी प्रतीत 'मागे फिरण्याची' रंगीत तालीम केली. बॅकअपमधून माहिती परत आली, ऑटोमेशनही आली, पण त्यांची लॉगिनं आली नाहीत; व्हॉट्सॲप आणि मेल पुन्हा जोडावे लागले. एक तास चाळीस मिनिटं. म्हणजे सोमवारी सकाळी काही बिघडलं तर दोन तास वहीवर बिलं. बिलबुकं छापलेली होती, धूळ झटकून काढली.

जुन्या बिलांचे आकडे उतरवायला दोन तास धरले होते, पाच लागले. एका वेळी दोन हजारांच्या पुढे ओळी घेतच नाही आणि उरलेल्या राहिल्या असं सांगतही नाही. पहिल्यांदा 'पूर्ण झालं' आलं तेव्हा मोजलं म्हणून कळलं. (मायक्रोसॉफ्टच्या पॉवर ॲप्समध्ये अशाच प्रकारची मर्यादा निदान उघड लिहिलेली असते: मुळात ५००, वाढवून २,०००.) महिन्यामहिन्याने तुकडे केले, प्रत्येक तुकड्याची बेरीज काकांच्या हिशोबाशी जुळवली. डिसेंबर २०२३ मध्ये ₹ ४० चा फरक निघाला. तो आमचा जुनाच होता.

रविवारी रात्री ८ ला अपग्रेड. जून, जुलै, ऑगस्टची प्रत्येकी दहा बिलं उघडली. १२ टक्के, जुने पत्ते. जेवले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काकांनी काल संध्याकाळची बिलं समोर ठेवली. साडेसहानंतरच्या अकरा बिलांवर आजची तारीख.

प्लॅटफॉर्मने यूटीसीची चूक गुपचूप दुरुस्त केली. आता इंजिन भारतीय वेळ मानतं, आणि माझी ३३० मिनिटं वर आणखी मिळतात. संध्याकाळी ६.३० ला साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र. त्यांची चूक त्यांनी सुधारली, माझं ठिगळ चूक झालं.

नऊ बिलांचा माल अजून दुकानातच होता. दोन बिलं टेम्पोबरोबर ठाण्याला गेली होती. मुलगा जाऊन कागद बदलून आला. मग जे १२ सप्टेंबरला करायला हवं होतं ते केलं: अकराही ऑटोमेशनमधून 'आज' काढून टाकला, तारीख फॉर्ममधून. पावणेतीन तास. तेव्हाही तेवढेच लागले असते. सोबत रात्रीची एक तपासणी लावली: बिलाची तारीख आणि नोंद झाल्याची वेळ यांचा दिवस वेगळा असेल तर मला मेसेज.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल धनत्रयोदशी. महिन्यात आतापर्यंत १,३१२ ऑर्डरी, रन ५,३९०, एक पाकीट. क्रेडिट नोटा सात, पैकी चार बाराच्या दराच्या, चारही बरोबर.

खर्च: जादा प्लॅन ₹ ४,२००, फोन ₹ ५,५००, पाकीट ₹ १,८००. एकूण ₹ ११,५००. माझे अंदाजे अकरा दिवस, काकांचे दोन, मामांच्या चार पहाटा. चाचणी प्रतीचा जादा प्लॅन मंगळवारी संपतो. शेठनी न विचारताच चालू ठेवायला सांगितलं.

सपोर्टचं तिकीट अजून उघडं आहे. शुक्रवारी नवा ईमेल आला: नोव्हेंबरात लाइव्ह लुकअपला 'गोठवा' असं बटण येतंय. केशरी प्रतीत जुलैची दहा बिलं बाजूला काढून ठेवली आहेत.